चिरागनगर ते मॉस्को: एका परवान्याची गोष्ट

१९६१ साली घाटकोपरच्या चिरागनगरमधल्या एका झोपडीतून एक माणूस मॉस्कोला गेला. शाळेत तो जेमतेम दीड दिवस बसला होता, असं सांगतात. मुंबईला पहिल्यांदा आला तेव्हा वाळवा तालुक्यातल्या वाटेगावाहून आईबापांबरोबर चालत आला होता. आणि आता तो लेखक म्हणून, पाहुणा म्हणून सोव्हिएत संघाच्या राजधानीत चालला होता. परत आल्यावर त्यानं 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिलं. अण्णा भाऊ साठे हे नाव तुम्हाला चौकातल्या पुतळ्यामुळं, एक ऑगस्टच्या बॅनरमुळं किंवा 'फकिरा'मुळं माहीत असेल. या छोट्या प्रवासवर्णनामुळं माहीत असण्याची शक्यता कमी.

परदेशात पहिल्यांदा उतरल्यावर माणूस काय बघतो, यावरून तो कुठून आलाय हे बऱ्यापैकी कळतं. माझ्या ऑफिसातली मुलं ऑनसाइटला जातात आणि पहिल्याच दिवशी ग्रुपवर फोटो टाकतात: रिकामा फूटपाथ, वेळेवर आलेली ट्राम, झेब्रा क्रॉसिंगला थांबलेली गाडी. राजवाडे आणि म्युझियमं नंतर येतात. फूटपाथचा फोटो काढावासा वाटतो, कारण आपण अंधेरी स्टेशनबाहेर रोज फूटपाथ शोधत चालतो. देश नवा असतो, मोजपट्टी घरून नेलेली असते. अण्णा भाऊंची मोजपट्टी कुठली होती, हे बघायचं तर मॉस्कोच्या आधी बरंच मागं जावं लागतं.

समुद्राची हद्द, गावाची हद्द

मराठी माणसाच्या परदेशप्रवासाची गोष्ट आपण सहसा समुद्रबंदीपासून सुरू करतो. १७८१ मध्ये राघोबादादांचा ब्राह्मण वकील हणमंतराव लंडनला पोचला. एडमंड बर्क या खासदारानं त्याची आणि त्याच्या पारशी सोबत्यांची आपल्या गावाकडच्या घरी सोय केली, त्याला सोवळं पाळता यावं याची काळजीही घेतली. तरी परत आल्यावर हणमंतरावाला प्रायश्चित्त चुकलं नाही. शंभर वर्षांनी, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी अमेरिकेला आणि पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, तेव्हाही घरी गहजब झालाच. रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत पोचल्या आणि १८८९ मध्ये त्यांचं अमेरिकेवरचं मराठी पुस्तक आलं. १९६० मध्ये पु. ल. देशपांड्यांचं 'अपूर्वाई' प्रसिद्ध झालं तोवर प्रायश्चित्ताचा विषय संपला होता. परदेशी गेलेला मध्यमवर्गीय मराठी माणूस आता स्वतःवर मनमोकळं हसू शकत होता.

ही साखळी खरी आहे, पण ती एका बाजूची आहे. समुद्र ओलांडला की जात जाते, ही भीती ज्याच्या जातीला मान होता त्याला. ज्याला गावानं वेशीबाहेरच ठेवलं होतं, त्याची अडचण निराळी होती. त्याला समुद्रापर्यंत पोचायच्या आधी शेजारच्या गावापर्यंत पोचायचं होतं.

इंग्रजांनी १८७१ मध्ये 'गुन्हेगार जमाती' कायदा आणला. सुरुवात उत्तर हिंदुस्थानात झाली, पुढं तो मुंबई इलाख्यातही आला. या कायद्याखाली माणूस जन्मानंच गुन्हेगार ठरत असे. नोंद झालेल्यांनी ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा, दुसऱ्या गावी मुक्काम केला तर तिथं वर्दी द्यायची. मांग, रामोशी अशा समाजांतल्या लोकांच्या आयुष्यात 'हजेरी' हा शब्द शाळेतून आलेला नाही, चावडीवरून आलेला आहे. 'फकिरा' वाचली असेल तर त्यातली हजेरी तुम्हाला आठवत असेल. रात्री माणूस घरी आहे की नाही, हे सरकार मोजत होतं.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाटेगावच्या मांगवाड्यातला. स्वतंत्र भारतानं हा कायदा १९५२ साली रद्द केला, तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. म्हणजे मॉस्कोच्या प्रवासाच्या जेमतेम नऊ वर्षं आधी.

पहिला परका मुलूख

माझ्या मते अण्णा भाऊंचा पहिला परदेशप्रवास मॉस्कोचा नाहीच. तो वाटेगाव ते मुंबई, तीनेकशे किलोमीटर पायी, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला. दुष्काळानं आणि रोजगाराच्या शोधानं बाहेर काढलेलं कुटुंब वाटेत मिळेल ते काम करत भायखळ्यापर्यंत पोचलं. परक्या ठिकाणी जे जे होतं, ते सगळं इथं झालं. भाषेचा बाज वेगळा, पैशाचा हिशोब वेगळा, झोपायला जागा नाही. कोळसे वेचणं, हमाली, गिरणीतलं काम असं करत त्यांनी शहर खालून पाहिलं. अक्षरंही इथंच गिरवली.

मुंबईची ही पहिली ओळख पुढं त्यांच्या 'मुंबईची लावणी'त आली. त्याआधी पठ्ठे बापूरावांनीही मुंबईवर लावणी रचली होती. त्यात शहराचं वैभव आहे, परगावच्या माणसाचे दिपलेले डोळे आहेत. अण्णा भाऊंनी त्याच शहराचे दोन भाग दाखवले: वरच्यांची मुंबई आणि खालच्यांची मुंबई. शहर तेच, पोचणारा माणूसही दोन्ही वेळा गावाकडचाच. एकाला दिवे दिसले, दुसऱ्याला दिव्याखाली झोपलेली माणसंही दिसली. अण्णा भाऊंच्या बाबतीत भाबडेपणाचा मुद्दा पुढं येणार आहे, तेव्हा ही लावणी लक्षात असू द्या. राजधानीसारख्या शहराच्या झगमगाटाला ते पूर्वी एकदा भुललेले नव्हते.

आणि रशिया? रशियात ते प्रत्यक्ष पोचण्याच्या कितीतरी आधी राहायला गेले होते. आपण १९३५ च्या सुमारास जप्त झालेली पुस्तकं वाचली, त्यातला रशियन क्रांतीचा इतिहास आणि लेनिनचं चरित्र मनात घर करून राहिलं, असं त्यांनी स्वतःच या पुस्तकात सांगितलंय. आयुष्यात एकदा तरी तो देश बघायचा, ही इच्छा तेव्हापासूनची. तिथला कामगार कसा जगत असेल, मार्क्सचा विचार आणि लेनिनचं स्वप्न व्यवहारात कसं दिसत असेल, हे त्यांचे प्रश्न होते. जप्त पुस्तकातून कळलेला देश हा सरकारनं लपवलेला देश असतो. त्याची ओढ साध्या पर्यटनाच्या ओढीपेक्षा फार निराळी असते.

मग युद्ध आलं. स्टालिनग्राडची लढाई २ फेब्रुवारी १९४३ ला संपली आणि मुंबईत बसून अण्णा भाऊंनी 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रचला. व्होल्गा नदी त्यांनी पाहिली नव्हती, रशियन येत नव्हतं, बर्फाशी ओळख नव्हती. पोवाडा हा आपला जुना, मातीतला प्रकार. सिंहगड आणि प्रतापगड ज्या डफावर आले, त्याच डफावर परळ-लालबागच्या कामगारांपुढं व्होल्गाकाठचं शहर आलं. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लालबावटा कलापथक उभं केलं. पुढं त्यांच्या लेखनाचे रशियन अनुवादही झाले. विचार करा, ज्या देशावर तुम्ही गाणं रचलंय, जो देश तुमचं लिहिलेलं त्याच्या भाषेत वाचतोय, तिथं तुम्ही अठरा वर्षांनी पहिल्यांदा पाऊल ठेवताय. अशा माणसाची 'पहिली नजर' कोरी कशी असणार?

१९६१ चं मॉस्को

त्या वर्षी मॉस्कोला उतरणाऱ्या पाहुण्यासमोर जे शहर होतं, ते स्वतःवर कमालीचं खूश होतं. १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन अंतराळात जाऊन आला होता. सुताराच्या आणि शेतात राबणाऱ्या बाईच्या पोटी जन्मलेला मुलगा माणसांतला पहिला अंतराळवीर झाला, हे सोव्हिएत सरकार जगाला अभिमानानं सांगत होतं. जमिनीखाली मेट्रो १९३५ पासून धावत होती. संगमरवराचे खांब, छताला झुंबरं, आणि त्याखालून कामावर जाणारे गिरणी कामगार. घाटकोपरला मेट्रो आली ८ जून २०१४ ला.

शहराच्या कडेला क्रेनचं जंगल उभं होतं. मॉस्कोतली बरीच कुटुंबं तोवर सामाईक घरांत राहत होती. एका फ्लॅटमधल्या प्रत्येक खोलीत एक कुटुंब, स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एक, संडास-बाथरूम मिळून एक. मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको, चाळ आडवी न ठेवता दाराच्या आत कोंबली की झालं. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ख्रुश्चेव्हच्या सरकारनं पाच मजली, बिनलिफ्टच्या, एकसारख्या इमारतींचा सपाटा लावला होता. खोल्या लहान, छत ठेंगणं, स्वयंपाकघर एवढंसं. युरोपातले पाहुणे या इमारतींना नाकं मुरडत. पण प्रत्येक घराला स्वतःचं दार होतं आणि नळ त्या दाराच्या आत होता. चिरागनगरमध्ये सार्वजनिक नळावर रांग लावणाऱ्या माणसाला ही इमारत कुरूप दिसेल की सुंदर, याचं उत्तर वास्तुशास्त्राच्या पुस्तकात मिळणार नाही.

म्हणून त्यांच्या पुस्तकाचा सूर कौतुकाचा आहे, याचं मला नवल वाटत नाही. आपल्याकडे ज्याला गावात पाणी वरून ओततात, त्याला तिथं कुणीतरी खुर्ची देतं, हात हातात घेतं, 'लेखक' म्हणून ओळख करून देतं. पाहुणा असणं म्हणजे काय, हा अनुभव त्या प्रवासातला सगळ्यात परका अनुभव असला पाहिजे.

त्याच वर्षी त्याच शहरात आणखी काही चाललं होतं. लाल चौकातल्या समाधीत तेव्हा लेनिनशेजारी स्टालिनचाही देह ठेवलेला होता. ३१ ऑक्टोबर १९६१ च्या रात्री तो तिथून हलवून क्रेमलिनच्या भिंतीलगत पुरला. नोव्हेंबरमध्ये स्टालिनग्राडचं नाव बदलून व्होल्गोग्राड केलं. ज्या शहराचा पोवाडा चिरागनगरच्या शाहिरानं रचला, त्या शहराचं नाव त्याच्या प्रवासाच्याच वर्षी नकाशावरून पुसलं गेलं.

जे दाखवलं गेलं नाही

आता अवघड भाग. सरकारी पाहुण्याला सरकार जे दाखवेल ते दिसतं. सोव्हिएत सरकार या कामात तरबेज होतं: दुभाषा त्यांचा, कार्यक्रम त्यांचा, कारखाना आधी झाडून ठेवलेला. रवींद्रनाथ ठाकूर १९३० मध्ये मॉस्कोला गेले, शिक्षणाचा प्रसार पाहून भारावले आणि त्यांनी पत्रांतून ते मोकळेपणानं लिहिलं. माणसांना एका साच्यात घालू नका, असंही त्यांनी यजमानांना सुनावलं. जाताना त्यांनी सरकारी वृत्तपत्राला दिलेली मुलाखत रशियात छापली गेली ती १९८८ मध्ये.

अण्णा भाऊंना न दिसलेल्या गोष्टींची यादी आज इंटरनेटवर पाच मिनिटांत करता येते. त्यातली सगळ्यात बोचरी गोष्ट २ जून १९६२ ची. नोव्होचेरकास्क शहरात मांस आणि लोण्याचे भाव वाढले, कारखान्यातला मोबदला घटला, कामगार रस्त्यावर आले आणि कामगारांच्या सरकारनं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सव्वीस माणसं मेली. मृतदेह गुपचूप दूरवर पुरले. १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत देशाला याचा पत्ता नव्हता. १९६९ मध्ये वारलेल्या अण्णा भाऊंना तो लागणं शक्यच नव्हतं.

पण मला स्वतःला थांबवलं ते दुसऱ्या एका तपशिलानं. १९३२ च्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत सरकारनं देशांतर्गत पासपोर्ट सुरू केला. शहरात राहायचं तर हा पासपोर्ट हवा आणि त्यावर राहण्याच्या नोंदीचा शिक्का हवा. सामूहिक शेतांवरच्या बहुतेक शेतकऱ्यांना मात्र तो दिलाच गेला नाही. गाव सोडून शहरात कामाला जायचं तर शेताच्या प्रमुखाकडून दाखला आणायचा. हे शेतकरी पासपोर्टला पात्र ठरले ते १९७४ च्या निर्णयानं, आणि प्रत्यक्ष वाटप पुरं व्हायला आणखी काही वर्षं गेली.

म्हणजे १९६१ मध्ये असं घडलं: ज्याच्या समाजाला गाव सोडायला परवाना लागत होता, असा माणूस एका देशात पाहुणा म्हणून गेला आणि त्या देशातल्या कोट्यवधी शेतकऱ्यांनाही गाव सोडायला परवाना लागत होता. वाटेगावची चावडी त्याच देशात कुठंतरी उभी होती. राजधानीतून ती दिसत नव्हती. राजधान्या पाहुण्यांना दाखवण्यासाठीच बांधलेल्या असतात, त्यामुळं तिथून ती दिसणारही नव्हती.

मग अण्णा भाऊ फसले का? असं म्हणून पुस्तक मिटवणं सोपं आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. ते बघायला गेले होते एक साधी गोष्ट: राबणाऱ्याला घर, भाकरी, शाळा आणि मान मिळू शकतो का. मॉस्कोत त्यांना याचं उत्तर 'हो' असं मिळालं. यजमान किती खरं बोलत होता, हा एक प्रश्न. या गोष्टी कामगाराला मिळायला हव्यात की नकोत, हा वेगळा प्रश्न. पहिल्याचं उत्तर आज बदललंय. दुसऱ्याचं बदलायचं कारण नाही. घराच्या आत नळ हवा, ही मागणी सोव्हिएत संघ बुडाल्यानं चुकीची ठरत नाही.

पण त्या यादीत एक ओळ कमी होती, आणि ती ओळ लिहायचा सर्वांत मोठा अधिकार त्यांचाच होता: जिथं वाटेल तिथं, कुणालाही न विचारता जाता येतं का?

पवईचा रशिया

त्या काळात रशियाचं येणं-जाणं चिरागनगरपासून फार लांब नव्हतं. सहा-सात किलोमीटरवर, पवईच्या तलावाकाठी, आयआयटी मुंबई उभी राहत होती. १९५८ मध्ये वरळीत तात्पुरत्या जागेत तिचे वर्ग सुरू झाले, १० मार्च १९५९ ला नेहरूंनी पवईत कोनशिला बसवली, आणि युनेस्कोमार्फत यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ आले ते सोव्हिएत संघाकडून. म्हणजे एकाच उपनगरी पट्ट्यात एका टोकाला रशियन यंत्रांची खोकी उघडली जात होती आणि दुसऱ्या टोकाला, झोपडीत, रशियावर पोवाडा रचणारा माणूस लिहीत बसला होता. माझ्या पिढीतल्या इंजिनिअरांना यातलं पहिलं टोक नीट माहीत आहे. जेईईच्या क्लासला आम्ही ज्यांच्या भौतिकशास्त्राच्या गणितांवर डोकं फोडलं, ते इरोडोव्हही रशियनच.

आपल्याकडच्या पासपोर्टची गोष्टही इथं सांगायला हवी. १९६१ मध्ये भारतीय नागरिकाला पासपोर्ट हा हक्क म्हणून मिळत नव्हता. द्यायचा की नाही, हे सरकारच्या मर्जीवर होतं. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्याशिवाय तो अडवता येणार नाही. त्यानंतर त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. चावडीवरची हजेरी १९५२ मध्ये गेली, पासपोर्टमधली मर्जी १९६७ मध्ये आटोक्यात आली. अण्णा भाऊंचा प्रवास या दोन तारखांच्या मधला आहे. त्यांच्या हातातलं ते पुस्तक म्हणजे एक सरकारी मेहरबानी होती.

आज व्हिसाचा अर्ज भरताना सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, कंपनीचं पत्र, परतीचं तिकीट जोडताना आपण वैतागतो. काउंटरपलीकडचा माणूस एकच गोष्ट तपासत असतो: हा परत जाईल ना? जुन्या चावडीवरही साधारण हेच विचारलं जायचं. फरक इतकाच, की आपण वैतागून घरी परत येऊ शकतो.

अण्णा भाऊ रशियाहून परतले ते चिरागनगरलाच. प्रवासानं त्यांची झोपडी बदलली नाही. आयुष्याच्या अगदी शेवटी गोरेगावच्या सिद्धार्थनगरमध्ये घर मिळालं आणि तिथंच १८ जुलै १९६९ ला ते गेले. ज्या घराची, ज्या नळाची ओढ घेऊन ते मॉस्को बघत होते, ते सुख त्यांच्या वाट्याला फार थोडे दिवस आलं.

१४ सप्टेंबर २०२२ ला मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णा भाऊंच्या पुतळ्याचं अनावरण झालं. महाराष्ट्राचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस त्यासाठी गेले होते. बातमी आपल्याकडे सगळ्यांनी शेअर केली. बरोबर एका आठवड्यानं, २१ सप्टेंबरला, युक्रेनच्या युद्धासाठी रशियात अंशतः सैन्यभरती जाहीर झाली आणि जॉर्जियाच्या, कझाकस्तानच्या सीमेवर तरुण मुलांच्या गाड्यांच्या रांगा लागल्या. आपल्याच वयाची पोरं, अनेक जण आपल्याच धंद्यातली, लॅपटॉप पाठीला लावून, हद्द बंद व्हायच्या आत पलीकडे जायची धडपड करत होती.

पुढच्या वेळी नव्या देशात उतरलात, तर फूटपाथचा फोटो जरूर काढा. मग टॅक्सीवाल्याला, हॉटेलात खोली झाडणाऱ्या बाईला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला एक विचारा: तुम्ही कुठल्या गावचे, आणि इथं यायला तुम्हाला कुणाला विचारावं लागलं? वाटेगावच्या माणसाचा तो प्रश्न आहे. राजधानीत त्याचं उत्तर पाटीवर लिहिलेलं नसतं.